तिचा नवरा आणि 'हिज हसबंड'

इंग्रजी चुकलं की माणसाची अक्कल मोजणारे लोक आपल्या आयटीत भरपूर आहेत. कोड चुकला तर 'बग आहे, होतं असं' म्हणतात. पण 'हिज' च्या जागी 'हर' आलं की लगेच डोळ्यांनी एकमेकांना खुणा! आज या एवढ्याशा शब्दांबद्दल लिहितोय.

माझा मावसभाऊ आंबागडचा. आंबागड म्हणजे भंडारा जिल्ह्यात, तुमसरजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. मध्य प्रदेशची हद्द जवळ, त्यामुळे घरात मराठी आणि मित्रांत हिंदी हे तिकडे लहानपणापासूनच. पोरगा इंजिनियर झाला, डेटाबेस त्याचा पक्का. गेल्या वर्षी एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत त्याला घरच्यांबद्दल सांगायला सांगितलं. तो म्हणाला, "माय सिस्टर लिव्ह्ज इन नागपूर विथ हिज हसबंड." समोरचे दोघं हसले. एकाने विचारलं, "हूज हसबंड?" झालं! त्यानंतर त्याला येणारी उत्तरंही येईनात. रात्री फोनवर म्हणाला, "दादा, मला जॉइन क्वेरी येते, पन ताईचा नवरा इंग्रजीत येत नाही."

त्यानंतर त्याने दोन इंटरव्ह्यूंना जायचंच टाळलं. म्हणून हा विषय मला नुसता व्याकरणाचा वाटत नाही.

आता गंमत बघा. 'हिज हसबंड' ही चूक आहे, पण ती बिनडोक चूक नाही. हिंदीत काय म्हणतात? 'उसका पति', 'उसकी पत्नी'. 'उसका' की 'उसकी' हे पतीवर किंवा पत्नीवर ठरतं. ज्याचं किंवा जिचं आहे, त्या माणसाचं लिंग त्या शब्दात कुठेच दिसत नाही. म्हणजे पती पुल्लिंगी, म्हणून 'हिज'. पत्नी स्त्रीलिंगी, म्हणून 'हर'. हिंदीच्या नियमाने गणित बरोबर, फक्त इंग्रजीचा नियम उलटा आहे. तिथे फक्त मालक बघायचा, वस्तू नाही.

आणि आपली मराठी? ती दोन्ही बघते! 'तिचा नवरा' यातला 'ति' सांगतो की मालकीण बाई आहे, आणि 'चा' सांगतो की नवरा पुल्लिंगी आहे. 'त्याची बायको' मध्ये 'त्या' म्हणजे मालक पुरुष आणि 'ची' बायकोसाठी. एका शब्दात दोन फील्ड भरलेली. इंग्रजीला त्यातलं पहिलंच हवंय. म्हणून मी भावाला एवढंच सांगितलं, हिंदीतून इंग्रजीत जाऊ नकोस, मराठीतून जा. शब्दाचं शेपूट कापून टाक. 'तिचा, तिची, तिचे' सगळ्याचं 'हर'. 'त्याचा, त्याची, त्याचे' सगळ्याचं 'हिज'. संपलं!

तो म्हणाला, "एवढंच होतं तर शाळेत का नाही सांगितलं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तक्ता आपण सगळ्यांनीच घोकलाय, माय माइन, युअर युअर्स. पण आपली भाषा कुठे अडवते आणि कुठे हात देते, हे त्या तक्त्यात नसतं.

पुढची अडचण आदराची. आपण वडिलांना 'ते' म्हणतो, म्हणून 'बाबा आणि त्यांचा मित्र'. त्याचं सरळ भाषांतर केलं की होतं 'माय फादर अँड देअर फ्रेंड'. ऐकणारा विचारात पडतो, वडील नक्की किती? :) इंग्रजीत आदरासाठी अनेकवचन होत नाही. तिथे बाबांना 'हिज' च. त्यात बाबांचा अपमान नाही. एका माणसासाठी 'देअर' चालतं, पण ते वेगळ्या कारणाने. माणूस बाई की पुरुष हे माहीत नसेल किंवा त्या व्यक्तीलाच 'दे' हवं असेल, तेव्हा. हा वापर नवा नाही, चौदाव्या शतकापासूनचा आहे. २०१९ साली मेरियम-वेबस्टर या कोशाने 'दे' ला वर्षाचा शब्द ठरवलं, एवढंच.

तसंच 'आमची आई'. घरात एकुलता एक असला तरी आपला माणूस 'आमची आई' म्हणतो. इंग्रजीत 'अवर मदर' म्हटलं की समोरचा भावंडं शोधायला लागतो. तिथे 'माय मदर' म्हणायचं.

आता 'इट्स'. अपॉस्ट्रॉफी असलेलं आणि नसलेलं. यात तर इंग्रजीवालेसुद्धा धडपडतात, रोजच्या मेल्समध्ये बघा. कारण 'राम' ला 'रामचा' करताना अपॉस्ट्रॉफी लागते, मग 'इट' ला का नको? पण 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांपैकी कुणाला आहे का? नाही ना? मग मालकीच्या 'इट्स' लाही नाही. जिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं फोडून वाचता येतं, तिथेच ती द्यायची. आणि हा शब्द तसा तरुण आहे बरं का. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये निर्जीव वस्तूंनाही 'हिज' लावलेलं आहे. पुढे 'इट्स' रुळला, तेव्हाही बरीच वर्षं लोक तो अपॉस्ट्रॉफी देऊनच लिहीत. म्हणजे आज जिला चूक म्हणतो ती एकेकाळी छापली जायची.

आणि जिथे मराठी श्रीमंत आहे, तेही सांगतो. 'आमचा' आणि 'आपला'. 'आमचा' मध्ये ऐकणारा बाहेर, 'आपला' मध्ये तो आत. इंग्रजीत दोन्हीला एकच 'अवर'. क्लायंटला मेल गेला, 'अवर सर्व्हर इज डाउन'. कोणाचा? आमचा, तुमचा, की दोघांचा? मी तरी अशा वेळी सर्व्हरचं नाव लिहितो, सर्वनामाच्या भरवशावर राहत नाही. तीच गोष्ट 'हिज' ची. 'गणेशने सुरेशला आपल्या गाडीने सोडलं' यात गाडी गणेशची, शंकाच नाही. इंग्रजीत 'इन हिज कार' म्हटलं तर कोणाची ते संदर्भावर सोडावं लागतं. बग रिपोर्ट लिहिताना हे लक्षात ठेवा, नाहीतर भलत्याच्या नावावर खापर फुटेल.

मालकीचा सराव करायला भावाला मी त्याच्याच गावचा किल्ला दिला. आंबागडचा किल्ला कोणाचा? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, साधारण १७०० च्या सुमारास, राजा खान पठाण याने तो बांधला. मग तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८५३ साली तिसरे रघूजी वारले आणि राज्य खालसा झालं, तेव्हा इंग्रजांकडे गेला. तर राजाचा किल्ला 'हिज', भोसल्यांचा 'देअर्स', किल्ल्याच्या भिंती 'इट्स वॉल्स'. पोराने तासाभरात दहा-बारा वाक्यं धडाधड बनवली. शेवटचं त्याने स्वतःहून जोडलं, "नाऊ इट इज अवर्स." मी विचारलं, आमचा की आपला? म्हणाला, "दादा, आपला."

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणी इंटरव्ह्यू घेत असाल तर एक विनंती. समोरचं पोरगं 'हिज हसबंड' म्हणालं तर हसू नका. ते एका भाषेचा नियम दुसरीला मनापासून लावतंय, आणि तिसरी घरी बोलतंय. चूक सांगा, दोन मिनिटांत सुधारते. पुढचा प्रश्न मात्र जॉइन क्वेरीचा विचारा.