ओळंब्यात आली हेराल्ड!

चाकांचं अलाइनमेंट घरच्या घरी करता येतं! दोरी, ओळंबा, स्टीलची पट्टी आणि गवंड्याकडची पाण्याची नळी, बस्स. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या पार्किंगमध्ये या चार वस्तूंवर जुनी स्टँडर्ड हेराल्ड सरळ झाली आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

हेराल्ड ही साधी घरगुती गाडी, असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. ब्रिटनच्या ट्रायम्फने ती १९५९ मध्ये आणली, तिचं रूप आखलं इटलीच्या मिकेलोत्तीने, आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने ती भारतात बनवली. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर, ती दोन सीटांची देखणी स्पोर्ट्स कार, उभी राहिली ती हेराल्डचीच चासी आखूड करून! म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये उभा होता तो स्पोर्ट्स कारचा सांगाडा. आणि बॉनेट तर काय वर्णावं! मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं. विशबोन, स्प्रिंगा, स्टेअरिंगचा रॅक, टाय रॉड, सगळं डोळ्यांसमोर. पुढच्या टायरवर बसून निवांत पाना चालवावा.

गाडी डावीकडे ओढत होती आणि पुढचे टायर आतून खात होती. अलाइनमेंटवाल्याने हात वर केले, "साहेब, मशिनमध्ये ही गाडीच नाही." टायरच्या नक्षीवरून हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला तर कानस. चाकाचं तोंड सरळ नसेल तर हे होतंच. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत नुसता ३ मिलिमीटरचा वाकडेपणा धरा. तेवढ्याने ते चाक दर किलोमीटरला आठ-नऊ मीटर आडवं घासलं जातं!

शेजारचे काका टेल्कोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "अहो, आधी जॉबची सेंटर लाइन काढा. बाकीचं मग बोलू." त्या एका वाक्याने सगळं कोडं उलगडलं. गाडी हा एक जॉब आहे, आणि जॉब मोजता येतो!

पण मोजण्याआधी ढिलं काय आहे ते बघायचं. चाक वर-खाली आणि आडवं हलवून बेअरिंग, बॉल जॉइंट, रबरी बुश तपासायचे. हेराल्डचं खास प्रकरण म्हणजे ट्रनियन, चाकाचा उभा दांडा ज्यात आट्यांवर फिरतो तो पितळी ठोकळा. त्यात ग्रीस नव्हे, ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं. तो कोरडा पडला तर दांडा तुटून चाक आडवं होऊ शकतं. मग पाण्याच्या नळीने चारही चाकांखालची पातळी जुळवायची, टायरमधली हवा सारखी करायची आणि सीटवर माणसांच्या वजनाची पोती ठेवायची. गाडी धावते ती माणसं घेऊन, तेव्हा मापही तसंच घ्यायचं.

जॅकवरून उतरवल्यावर हेराल्डची मागची चाकं पाहाच. वरून बाहेर फाकलेली, खालून आत गेलेली, जणू काही मोडलंय! मोडलेलं काहीच नसतं. मागचे अ‍ॅक्सल मधून झुलतात. गाडी थोडी पुढे-मागे ढकलली की आपोआप जागेवर बसतात, आणि मग घेतलेलं माप खरं.

आता दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना, हबच्या उंचीवर, मध्यरेषेला समांतर ताणायची. रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत माप घ्या, मग मागच्या कडेपासून. पुढचं अंतर जास्त निघालं तर टो-इन, म्हणजे चाकाचं तोंड आत; कमी निघालं तर टो-आउट, म्हणजे तोंड बाहेर. कॅम्बरसाठी, म्हणजे चाक वरून किती आत-बाहेर कललंय ते बघायला, रिमसमोर ओळंबा सोडा. १३ इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत सुमारे ६ मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश. शाळेतली त्रिकोणमिती चाकाशी उभी राहून बोलायला लागते हो!

दुरुस्ती त्याहून सोपी. खालचा विशबोन चासीला जिथे बसतो तिथे शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, असतात. दोन्ही ब्रॅकेटमागे सारखी शिम वाढवली की चाकाचा खालचा भाग बाहेर सरकतो आणि कॅम्बर बदलतो, एकीकडे कमी-जास्त केली की कॅस्टर, म्हणजे त्या उभ्या दांड्याचा पुढे-मागे कल. शिम भोसरीच्या एका वर्कशॉपने पत्रा कापून हातोहात दिल्या. टो मात्र शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. स्टेअरिंग मधोमध धरून दोन्ही टाय रॉड सारखे फिरवायचे, चेकनट आवळायचे आणि पुन्हा मोजायचं.

मग स्पाइन रोडवर भल्या पहाटे! हेराल्ड सरळ धावली. स्टेअरिंग वळवून सोडलं की आपणहून मध्यावर आलं. डावीकडचा बारीकसा कल उरला तो रस्त्याचा, कारण पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात.

चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने, भोसरीत गल्लोगल्ली लेथ, घरोघरी फिटर नाहीतर टर्नर. जुन्या गाडीचं काम शिकायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही, हे माझं ठाम मत. तुमच्याकडे कव्हरखाली एखादी हेराल्ड किंवा पद्मिनी उभी असेल तर येत्या रविवारी दोरी ताणा. शेजारच्या निवृत्त काकांना हाक मारा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, घोड्या लावा. आणि मोजायला सुरुवात करा!