दगडफूल

पुण्याच्या सदाशिव पेठेत जे थोडे जुने वाडे आज उरले आहेत, त्यांपैकी एका वाड्याचा चौक काळ्या दगडाने फरसबंद केलेला आहे. चारी बाजूंना ओसऱ्या, मध्यभागी तुळशीवृंदावन, एका कोपऱ्यात प्राजक्ताचे झाड आणि वर चौकोनी आभाळ. हा दगड सह्याद्रीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला तप्त रस थिजून तो बनला. कठीणपणाबद्दल त्याची ख्याती मोठी. परंतु पावसाळ्यात त्याच्यावरही एक कोवळे राज्य येते. आषाढाच्या सरी सुरू झाल्या, की फरशीच्या सांध्यांतून हिरवी रेघ डोकावू लागते आणि श्रावणात तिची मखमल होते. पाहणाऱ्याला ती मोहक वाटते. पाय ठेवणाऱ्याला मात्र ती वैरीण ठरते.

वाड्यातील आजोबा एके काळी शाळेत विज्ञान शिकवीत असत. पावसाने उघडीप दिली, की काथ्याची जुडी घेऊन चौक घासायला बसायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. यंदा मात्र गुडघे दुखू लागले. "उद्या घासू," असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. अशा रीतीने उद्यावर उद्या चढत गेला आणि फरशीवरची मखमल दाट होत गेली.

श्रावणातल्या एका सकाळी आजी तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायला निघाली आणि वृंदावनापासून दोन पावलांवर तिचा पाय सरकला. तांब्या खणखणत मोरीपर्यंत गेला. उजव्या हाताचे मनगट मोडले. डॉक्टरांनी प्लास्टर घातले. हाड काही आठवड्यांत जुळेल, असे त्यांनी सांगितले. पण भीती हाडासारखी ठराविक मुदतीत बरी होत नाही. आजी ओसरीच्या कडेपर्यंत येई, तुळशीकडे पाही आणि तेथूनच हात जोडून मागे फिरे. पन्नास वर्षांत जिचा एकही दिवस तुळशीला पाणी घातल्यावाचून उजाडला नव्हता, तिला तो चौक आता नदीच्या पात्राएवढा रुंद झाला.

सातवीत शिकणाऱ्या नातवाला हे पाहवेना. एका रविवारी तो दुकानातून मोरी धुण्याच्या ॲसिडची बाटली आणि लोखंडी तारांचा ब्रश घेऊन आला.

"कोणावर स्वारी?" आजोबांनी विचारले.

"या शेवाळावर. एक कणसुद्धा शिल्लक ठेवणार नाही!"

आजोबांनी बाटली त्याच्या हातून काढून घेतली. मग एका लांब काडीच्या टोकाने त्यांनी ॲसिडचा एकच थेंब दोन फरशांमधल्या पांढुरक्या सांध्यावर सोडला. थेंब फसफसला, बुडबुडे उठले आणि तेथे एक बारीक खळगा उरला.

"हा चुना, बाळ. शंभराहून अधिक वर्षे याने दगडाला दगड धरून ठेवला आहे. तुझ्या ॲसिडने शेवाळ आज जाईल आणि पुढच्या पावसात पुन्हा येईल. हा चुना मात्र परत येणार नाही. आणि हे पाणी झिरपून तुळशीच्या मुळाशी गेले, तर काय होईल? शत्रूला घालवण्यापूर्वी तो घरात शिरला कोठून, हे पाहावे."

मग दोघांनी चौक नीट न्याहाळला. शेवाळ ही अगदी साधी वनस्पती. तिला माती लागत नाही. ओलावा आणि थोडा उजेड मिळाला, की ती आपले अन्न आपणच तयार करते. या चौकात ओलावा का टिकत होता? प्राजक्ताची पाने मोरीच्या तोंडाशी अडकली होती, त्यामुळे पाणी तुंबत होते. त्याच झाडाची एक फांदी इतकी पसरली होती, की वृंदावनाभोवतीच्या फरशीवर ऊन पडतच नव्हते. आजी पडली ती नेमकी तेथे.

त्या दिवशी त्यांनी फरशीला हात लावला नाही. आधी मोरी मोकळी केली, मग फांदी छाटली. दुसऱ्या दिवशी नातवाने ऊन पाणी शिंपडून शेवाळ भिजवले, बांबूच्या कामटीने ते हलकेच सुटे केले आणि नारळाच्या काथ्याने उताराच्या दिशेने घासून काढले. निघालेला हिरवा गाळ मोरीत न लोटता त्याने घमेल्यात भरला. आजोबा पायरीवर बसून सांगत होते, "पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ प्राचीन वास्तूंवरचे शेवाळ काढतात ना, तेही मऊ ब्रशानेच. अमोनिया वापरला, तरी तो पाण्यात अगदी सौम्य करून घेतात. दगड कठीण असतो, म्हणून त्याला इजा होत नाही, असे नव्हे."

तिसऱ्या दिवशी चौकाचा काळा रंग उघडा पडला. नातू दमून म्हणाला, "या शेवाळामुळे आजी पडली."

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग सावकाश म्हणाले, "शेवाळ दर वर्षी येते, बाळ. यंदा नवे काही आले असेल, तर ते माझे 'उद्या'. आजीला तेच नडले."

नातवाने त्यांच्याकडे पाहिले. काय बोलावे, हे त्याला सुचेना. त्याने मुकाट्याने काथ्या उचलला आणि तो वृंदावनाकडे वळला. वृंदावनाच्या मागच्या अंगाला, दगडाला घट्ट चिकटलेला, राखी-हिरव्या रंगाचा एक गोल डाग होता. कडेला त्याला नागमोडी झालर होती. काथ्याने तो हलेना. नातवाने बाजूला पडलेला तारांचा ब्रश उचलला.

"थांब," आजोबा म्हणाले. "ते शेवाळ नव्हे. ते दगडफूल. शास्त्रात त्याला शैवाक म्हणतात."

"आजी मसाल्यात घालते, तेच?"

"त्याच्याच गोतावळ्यातले. मसाल्याचे दगडफूल डोंगराळ मुलखातून येते. हे काही खायचे नव्हे. पण याची गंमत ऐक. हे दिसते एक, पण असतात दोघे. बुरशी घर बांधते आणि ओल धरते. तिच्या पोटात राहणारे शैवाल उन्हातून अन्न तयार करते. ही भागीदारी 1860 नंतरच्या दशकात श्वेंडेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने प्रथम उघड केली, तेव्हा कित्येक पंडितांना ती पटेना. तुमच्या प्रयोगशाळेतला लिटमस आहे ना? त्याचा रंगही मुळात शैवाकांपासूनच मिळवत. आणि आपल्या पुण्यातच, 1946 साली स्थापन झालेल्या आणि आज आघारकरांचे नाव धारण करणाऱ्या संशोधन संस्थेत, शैवाकांचा मोठा संग्रह आहे."

"पण ते दगड खाते ना?"

"खाते. त्याचे तंतू दगडात शिरतात, त्याचे आम्ल दगड झिजवते. उघड्या खडकाची माती होण्यास आरंभ होतो, तो पुष्कळदा असाच. पण त्याची गती फार मंद. शिवाय वाळलेले दगडफूल तू तारेने खरवडलेस, तर त्याच्याबरोबर दगडाचे कणही निघतील. ते अनेक वर्षांत करणार नाही, तेवढे नुकसान तू एका घटकेत करशील. आणि धुराने विषारी झालेली हवा याच्या पुष्कळ जातींना सोसत नाही. 1866 मध्ये निलांडर नावाच्या शास्त्रज्ञाने पॅरिस शहरात हे टिपून ठेवले होते."

"मग ठेवायचे, की काढायचे?"

आजोबा उत्तर देण्यापूर्वीच ओसरीवरून आवाज आला, "अरे, त्याला हात लावू नकोस!"

आजी ओसरीच्या कडेला उभी होती. नातवाच्या हातातला ब्रश पाहून तिने पायरीवर पाऊल टाकले, मग दुसरे टाकले आणि प्लास्टरचा हात छातीशी धरून ती तरातरा चौक ओलांडून वृंदावनाशी आली.

"मी या घरात लग्न होऊन आले, तेव्हा हे रुपयाएवढे होते. पहिल्या दिवशी तुळशीला पाणी घालताना मला दिसले. नव्या घरात ओळखीचे कोणी नव्हते. मी रोज याच्याकडे पाहत असे." तिने आपला डावा पंजा त्या डागाशेजारी दगडावर टेकवला. "आता बघ, तळहाताएवढे झाले आहे. याच्या वाटेत कोणाचा पाय येत नाही. राहू दे."

तिघेही काही वेळ त्या डागाकडे पाहत राहिले. मग आजीचे लक्ष आपल्या पायांकडे गेले. ती अनवाणी, चौकाच्या मधोमध उभी होती. पायाखालचा दगड कोरडा आणि खरखरीत होता. छाटलेल्या फांदीमागून आलेले ऊन त्यावर पडले होते.

आजोबांनी काही न बोलता तांब्या भरून आणला. आजीने तो डाव्या हातात घेतला. हाताला सवय नव्हती, त्यामुळे धार थोडी वाकडी पडली आणि वृंदावनावरून ओघळून फरशीवर आली. पाणी तेथे थांबले नाही; उतार धरून ते सरळ मोरीकडे निघून गेले.

नातवाने तारांचा ब्रश अडगळीत टाकला. काथ्याची जुडी मात्र त्याने ओसरीवरच्या खुंटीला टांगली. पाऊस अजून सरलेला नव्हता.