आमच्या अंगणातील आयरिस

फुलझाडांचा छंद ज्यांना आहे, त्यांना एक गोष्ट लवकरच उमगते. माती, पाणी आणि खत आपल्या हाती असते. ऋतू मात्र आपल्या हाती नसतात. वसईच्या आमच्या अंगणात मोगरा, जास्वंद, सोनचाफा ही घरचीच झाडे. ती न सांगता फुलतात. वाट पाहावयास लावली ती आयरिसने.

आयरिस हे मुख्यतः थंड मुलखातील फूल. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ इंद्रधनुष्य. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली ओघळलेल्या, आणि त्या खालच्या पाकळ्यांवर मऊ लव. पाने तलवारीच्या पात्यासारखी. म्हणूनच युरोपातील जुन्या चित्रकारांनी या फुलात मरियामातेचे दुःख पाहिले. वृद्ध शिमोनने तिला सांगितलेल्या तलवारीची आठवण ती पाने करून देतात. ह्यूगो व्हान डर गूस या चित्रकाराने १४७५च्या सुमारास रंगविलेले एक वेदीचित्र फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. त्यात नवजात येशूच्या समोर एका पात्रात पांढरे व जांभळे आयरिस ठेवलेले दिसतात. काश्मीरमध्ये तर ही फुले कबरींवर लावण्याचीच रीत आहे. वसंतात तेथील कबरस्ताने जांभळी-पांढरी होतात.

आमचे धाकटे बंधू लष्करी नोकरीनिमित्त काश्मीरमध्ये होते. एका फेब्रुवारीअखेरीस रजेवर येताना त्यांनी आयरिसचे सहा गड्डे आणले. मे महिन्यात घरातील मरियामातेच्या मूर्तीपुढे ते फूल ठेवावे, ही आमच्या आईची इच्छा. आम्ही उंच वाफा केला, मातीत निम्मी वाळू मिसळली आणि आल्यासारख्या त्या गड्ड्यांची पाठ उन्हाला उघडी ठेवली.

उपवासकाळ सरता सरता एका गड्ड्याला कळी आली व जांभळे फूल उमलले. उपवासकाळात वेदी फुलांनी सजवीत नाहीत. त्यामुळे आईने ते खुडू दिले नाही. वाफ्याशेजारी खुर्ची टाकून ती ते पाहत बसली. पुढच्या वर्षी ते मे महिन्यात येईल, असे तिने स्वतःच ठरवून टाकले.

मग पावसाळा आला. वसईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जुलैत चार गड्डे लिबलिबीत होऊन सडले. त्यांची दुर्गंधी अंगणभर पसरली. उरलेले दोन आम्ही कुंडीत घालून पडवीत ठेवले. ते जगले, पानांनी भरले. परंतु कळी काही धरली नाही. या झाडाला कळी धरण्यासाठी काही आठवड्यांची कडक थंडी लागते, आणि ती आमच्या किनाऱ्यावर कोठून यावी? पहिले फूल काश्मीरच्या हिवाळ्याने घडविले होते. आमच्या मातीने ते केवळ उमलविले. आई मात्र दोन वर्षे रोज सकाळी कुंडीत डोकावत असे. तिसऱ्या पावसाळ्यात ते दोन गड्डेही गेले. त्याच वर्षी आईने अंथरूण धरले.

शेजारच्या मावशींनी तेव्हा एक रोप आणून दिले. हे आयरिसच्याच कुळातले, मूळचे ब्राझीलकडील. त्याच्या दांड्याच्या टोकाला नवे रोप फुटते, दांडा वाकून जमिनीला टेकतो आणि रोप तेथे रुजते. म्हणून त्याला ‘चालता आयरिस’ म्हणतात. ‘प्रेषितांचे झाड’ असेही त्याचे एक नाव आहे, कारण बारा पाने झाल्यावाचून ते फुलत नाही, असा समज आहे. आई अंथरुणावरून आम्हांला पाने मोजावयास लावी. झाडाने तो समज मानला नाही. दहाच पाने असताना, ऐन मे महिन्यात, पांढऱ्या पाकळ्यांचे आणि निळ्या-जांभळ्या गाभ्याचे फूल उमलले. प्रेषितांपैकी दोघे अजून वाटेत असतील, असे म्हणून आई कितीतरी दिवसांनी हसली. सकाळी मूर्तीपुढे ठेवलेले ते फूल सायंकाळी मिटून गेले. त्याचे आयुष्यच एका दिवसाचे.

ज्या वाचकांना खराखुरा आयरिसच हवा असेल, त्यांनी केशरी पाकळ्यांवर तांबडे ठिपके असलेली जात लावावी. ती उष्ण हवा सोसते. पूर्वी तिची गणना वेगळ्या प्रजातीत होत असे; २००५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला आयरिसमध्ये घेतले. तिचेही फूल एकच दिवस टिकते, पण रोज नवे येते.

जांभळा आयरिस आम्ही पुन्हा आणविला नाही. चालत्या आयरिसची रोपे मात्र आज आळीतील अनेक घरी आहेत. आईच्या कबरीपाशी त्याची एक कुंडी आहे. तिची पाने आम्ही मोजत नाही.