एस्टीचा सूर

राइट टाउनमधल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत एक पायऑर्गन आहे. त्याच्यावरच्या सोनेरी अक्षरांचा उच्चार ‘एस्टी’ असा करायचा, हे आजोबांनी आम्हाला शिकवलं. पुण्याची भावंडं सुट्टीत आली की म्हणायची, ‘‘जबलपूरची एसटी उभी दिवाणखान्यात!’’

मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की चर्च आठवत नाही, बालगंधर्व आठवतात. आजोबांनीही तो नाट्यगीतांसाठीच घेतला होता. १९५६ साली जुन्या मध्य प्रदेशाची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. त्यानंतर घरातलं मराठी बरंचसं या ऑर्गनभोवतीच टिकलं. त्यामुळे तो मूळचा कुणाचा, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरो नावाचं गाव आहे. तिथे जेकब एस्टी हा शिशाचे नळ आणि पंप यांचा व्यवसाय करी. १८५०च्या आसपास तो वाद्यांच्या धंद्यात शिरला. पुढे मुलगा ज्यूलियस आणि जावई लेव्हाय फुलर भागीदार झाले. १८६९च्या पुरानं कारखान्याची वाताहत केली, तेव्हा त्यांनी उंचावर जागा घेऊन नव्या इमारती बांधल्या. या घराण्याच्या कारखान्यानं पाच लाखांहून अधिक रीडचे ऑर्गन बनवले. १९०१पासून ते चर्चचे मोठे, नळ्यांचे ऑर्गनही बनवू लागले. तेही तीन हजारांच्या वर. १९६० साली कारखाना बंद पडला.

यातला जावई मला जवळचा वाटतो. १८९१ साली अमेरिकेतल्या पियानो बनवणाऱ्यांनी सगळ्यांसाठी एकच सूर ठरवला: सेकंदाला ४३५ कंपनं. त्या खटपटीत फुलर पुढे होता. नंतर तो व्हरमाँटचा गव्हर्नरही झाला. आज जगात सर्रास ४४० चालतात.

मागच्या वर्षी आमच्या ऑर्गनचा भाता फाटला. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो. या ऑर्गनचा भाता ती आत ओढतो, म्हणून त्याचा आवाज मवाळ. दुरुस्तीला आलेल्या कारागिरानं कातडं बदललं, पितळी रीड पुसल्या आणि मोबाइलवर सूर तपासला. ४३५च्या जवळपास निघाला. ‘‘उतरा हुआ है, चढ़ा दूँ?’’ त्यानं विचारलं.

भाच्याचा चेहरा खुलला. त्याच्या कीबोर्डशी हा ऑर्गन कधीच जुळत नसे. फरक अर्ध्या स्वराचा जेमतेम पाचवा हिस्सा, पण दोन्ही एकदम वाजले की कानाला टोचायचं. मलाही वाटलं, चढवावा. वापरात तरी राहील. अनुवादात मी दुसरं काय करते? दुसऱ्याचं लेखन आजच्या वाचकाच्या सुराला आणून बसवते. पण माझ्या अनुवादानंतरही मूळ पुस्तक जसंच्या तसं राहतं. इथे रीडच्या टोकाशी पितळ खरवडूनच सूर चढवायचा होता. खरवडलेलं पितळ परत येत नाही.

आत्या खाटेवरून ऐकत होती. ऐंशी ओलांडलेली, गळा बसलेला. म्हणाली, ‘‘तो उतरलेला नाही रे. त्याचा सूरच तो आहे. तबला उतरवून घ्यायचे की आम्ही.’’

कारागिराला मी नको म्हटलं. भाचा फुरंगटून आत गेला. म्हणजे ऑर्गन पुन्हा एकटा, असं मी धरून चालले.

रात्री आतून सूर आला. भाच्यानं कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरून सगळ्या पट्ट्या एकदम खाली आणल्या होत्या. ‘‘चार बटणं दाबली फक्त,’’ तो म्हणाला. आत्यानं मला ऑर्गनपाशी बसवलं. मी पाय हलवू लागले. त्यानं एक पट्टी धरली, मी तीच धरली. आता टोचत नव्हतं.

आत्यानं गायला तोंड उघडलं. तिचा आवाज मात्र दोघांच्याही खाली होता.