टोकाची झीज

जालना म्हणजे बियाण्यांचं आणि लोखंडी सळयांचं गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही आमच्या घरात शिडाच्या नौकांची काळजी होते. कारण इथल्याच रोलिंग मिलमध्ये राबलेला माझा धाकटा भाऊ आता आखातातल्या एका बंदरावर लहान नौकांची दुरुस्ती करतो. डोलकाठीवर चढणं हे त्याचं रोजचं काम.

वर्गात मी बादबान आणि मस्तूल हे शब्द शिकवतो. मराठीत शीड आणि डोलकाठी. पण डोलकाठी उभी राहते ती तिला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी खेचून धरणाऱ्या ताणांमुळे, हे मला भावाने समजावलं. एक ताण तुटला की भर वाऱ्यात काठी कोसळू शकते.

पूर्वी हे ताण दोरखंडाचे असत. झिजले की धागे सुटत, हाताला कळत. आता स्टेनलेस स्टीलची तार असते, बहुधा 19 तारांचा पीळ. या पोलादात क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचा पातळ थर तयार होतो आणि गंज रोखला जातो. मात्र टोकाला तार धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते. तिथे खारं पाणी शिरतं, हवा पोहोचत नाही आणि थर नष्ट होतो. त्यात प्रत्येक लाटेचा हिसका. मग आतल्या आत एकेक तार तुटत जाते. वरची लकाकी तशीच राहते.

2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत पाच नौकांच्या डोलकाठ्या गेल्या. गोव्यात बांधलेली अभिलाष टॉमींची 'तुरीया' त्यातलीच. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने ती मोडली. पाठीला जबर मार बसलेल्या टॉमींची तीन दिवसांनी सुटका झाली. तो वादळाचा तडाखा होता. झिजलेल्या तारेला मात्र वादळाचीही गरज लागत नाही.

गेल्या वर्षी एका मालकाने भावाला वर चढायला सांगितलं. "तार नव्यासारखी आहे," तो म्हणाला. तार बारा वर्षांची होती. भावाने तिच्यावरून कापूस फिरवला. टोकाशी कापसाचे तंतू अडकले. तिथे दोन तारा तुटलेल्या होत्या. त्याने चढायला नकार दिला. त्या दिवसाची मजुरी गेली.

अम्मीला त्याने हे सांगितलं नाही. ती फोनवर विचारते, "बेटा, सब ठीक?" तो "ठीक" म्हणतो. मी मात्र हल्ली एवढंच विचारतो, "चढण्याआधी टोकं पाहिलीस ना?"