तापलेले चाक

जसोंडी ते बऱ्हाणपूर ही आमच्या मोटारीची नित्याची वाट. एकदा टाकी भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंतचा हिशेब वहीत मांडण्याची सवय आम्हांस वडिलांपासून लागली. गेल्या महिन्यात मोटारीची नेहमीची सर्व्हिसिंग झाली आणि लिटरमागे १८ किलोमीटर चालणारी गाडी १४ वर आली. चाकांतील हवा तपासली. ती बरोबर होती. दुरुस्तीनंतर गाडी बिघडावी, हे मनास पटेना. संशय गेला तो गाडी चालविणाऱ्या पुतण्यावर. आम्ही उघड काही म्हटले नाही. पण त्याच्याशी अबोला धरला. त्याने ते ओळखले.

तिसऱ्या दिवशी शहरातून परतताच त्याने आम्हांस मागच्या चाकापाशी नेले. “काका, हात जवळ धरून पाहा.” चाक तव्यासारखे तापले होते! जॅकवर उचलले, तर ते हाताने मोठ्या कष्टाने फिरे. ब्रेक अधिक आवळले गेल्याने ते सतत घासत होते आणि इंजिनाची शक्ती त्या घर्षणातच खर्ची पडत होती. ब्रेक सैल करविले आणि पुढच्या टाकीला वहीत पुन्हा १८ चा आकडा आला.

वाचकहो, आकडा घटला तर माणसाआधी चाक तपासावे. पेट्रोलचा तोटा आम्ही वहीत मांडला. त्या अबोल्याचा मात्र मांडता आला नाही.