सात आणि सत्त्याहत्तर

खेळांशी आमचे सख्य कधीच नव्हते. शाळेत असताना खो-खोच्या संघात आमची निवड झाली ती एक गडी कमी पडला म्हणून. आणि पदवी पदरात पडल्यावर केंद्र सरकारच्या सेवेत जो शिरकाव झाला, तो क्रीडापटूंच्या राखीव जागेतून खासच नव्हे. अशा आम्हांला पस्तिशीत बर्फावरच्या हॉकीचा नाद लागावा, हा एका बदलीच्या हुकमाचा प्रताप होय. त्या हुकमाने आम्हांला लेहला आणून सोडले. तेथे हिवाळ्यात कर्झूचे तळे गोठते आणि मुलेमुली पायांत पात्यांचे बूट चढवून त्यावर हॉकी खेळतात. आमच्या कचेरीतील एक तरुण लडाखी सहकारी त्यांतलाच. एका संध्याकाळी बुखारीपाशी शेकत बसलो असता त्याने आपल्या आवडत्या खेळाडूच्या जुन्या चित्रफिती आम्हांला मोबाइलवर दाखविल्या. खेळाडूचे नाव रे बोर्क. यातील 'रे' हे संबोधन नव्हे, नावच आहे.

हा बोर्क बचावपटू होता. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद अशा बर्फाच्या मैदानावर प्रत्येक बाजूचे सहा गडी असतात: एक गोलरक्षक, तीन आघाडीवाले आणि दोन बचावपटू. चेंडूऐवजी कडक रबराची तीन इंच व्यासाची चकती. आघाडीवाला ती घेऊन सुसाट येत असतो आणि बचावपटू त्याच्याकडे तोंड ठेवून तितक्याच वेगाने मागे मागे सरकत असतो. पाठीमागे आपला गोल आहे हे त्याने न पाहता जाणायचे. गोल झाला तर नाव आघाडीवाल्याचे. जो होऊ दिला नाही त्याची नोंद कोठेच नाही. हे ऐकून आम्हांला तो मनुष्य एकदम जवळचा वाटू लागला. कागद भलत्या ठिकाणी गेला नाही म्हणून कोणा कारकुनाचा सत्कार झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

१९६० साली कॅनडातील माँट्रियल येथे जन्मलेला हा मुलगा १९७९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेतील बॉस्टनच्या संघात दाखल झाला आणि एकवीस हंगाम तेथेच राहिला. बर्फावर दम लवकर उखडतो. म्हणून गडी मिनिटाच्या आतबाहेर आत-बाहेर होत असतात. तरीही साठ मिनिटांच्या सामन्यात बोर्क जवळजवळ निम्मा वेळ मैदानावर असे. उत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस चषक त्याला पाच वेळा मिळाला. सारी कारकीर्द मिळून त्याने साखळीचे १६१२ सामने खेळले आणि ४१० गोल केले. नॅशनल हॉकी लीगमध्ये इतके गोल दुसऱ्या कोणत्याही बचावपटूच्या नावावर नाहीत. परंतु ज्या स्टॅन्ली चषकासाठी तेथील प्रत्येक खेळाडू झुरतो, तो बॉस्टनला लाभेना. १९८८ आणि १९९० या दोन्ही साली अंतिम फेरीत एडमंटनने त्यांना हरविले.

तथापि आमच्या मनात घर केले ते एका निराळ्याच प्रसंगाने. बोर्क प्रथमपासून सात क्रमांकाची जर्सी घालीत असे. त्याच्या आधी त्याच संघात तोच क्रमांक फिल एस्पोझिटो या नामांकित आघाडीवाल्याचा होता. ३ डिसेंबर १९८७ रोजी एस्पोझिटोच्या सन्मानार्थ तो क्रमांक मैदानाच्या छताशी टांगण्याचा समारंभ झाला. बोर्क खेळत आहे तोवर 'सात' त्याच्याकडेच राहील, असे सर्वजण धरून चालले होते. बोर्क सरकत एस्पोझिटोपाशी गेला, अंगावरची जर्सी काढली आणि त्याच्या हाती दिली. आत दुसरी जर्सी होती. तिच्यावर सत्त्याहत्तर हा आकडा होता. एस्पोझिटोला काय बोलावे ते सुचेना. आठ वर्षे मिरविलेला क्रमांक त्या गृहस्थाने भर सभेत उतरवून दिला आणि नंतर खेळावयास लागला!

वाचकहो, क्रमांकाची महती आपणां नोकरदारांना कोणी सांगावयास नको. ज्येष्ठता-यादीतील आमचा क्रमांक यंदा प्रथमच एक आकडी झाला आहे. बढती दारात उभी आहे. इकडे वाईला आमचे वडील एकटे असतात. गेल्या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले. आम्हांला ते पंधरा दिवसांनी कळले, तेही शेजारच्या काकूंकडून. वडिलांना विचारले तर म्हणाले, "तुला कशाला सांगायचे? तू तिथून येऊन काय करणार होतास?" त्यात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न आमचा पिच्छा सोडीना. स्वतःच्या विनंतीवरून गावाकडे बदली मागता येते. परंतु आमच्या खात्याचा नियम असा की, अशा मनुष्याने तेथील यादीच्या तळाशी जाऊन बसावे. तो अर्ज आम्ही लिहिला होता आणि चार महिने खणात ठेवला होता.

बोर्कनेही अखेर बदली मागितली. मार्च २००० मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो बॉस्टन सोडून कोलोराडोच्या संघात गेला. ९ जून २००१ रोजी कोलोराडोने अंतिम फेरीचा सातवा सामना जिंकला. चषक प्रथम कर्णधाराने उंचवायचा ही तेथील प्रथा. पण कर्णधार जो सॅकिकने तो हाती येताच बोर्कपुढे केला. चाळिशीतला तो बचावपटू चषक उचलताना रडत होता. तो त्याचा शेवटचा सामना ठरला. पुढे काही दिवसांतच तो चषक घेऊन बॉस्टनला गेला आणि परक्या संघाचा तो चषक पाहावयास तेथे हजारो लोक लोटले. त्याच वर्षी बॉस्टन आणि कोलोराडो या दोन्ही ठिकाणी छताशी जो आकडा चढला, तो सत्त्याहत्तर होता.

आमची आणि त्याची तुलना होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. तो चषकासाठी आपले गाव सोडून गेला. आम्हांला गावासाठी चषक सोडावयाचा आहे. आमचा आकडा कोणी छताशी टांगणार नाही, आणि तळाच्या क्रमांकावरून निवृत्तीपर्यंत आम्ही किती वर चढू याचा हिशेब आम्ही एकदा नव्हे, दहादा केला आहे. तो मुळीच उत्साहवर्धक नाही. परंतु सातच्या जागी सत्त्याहत्तर घातल्याने त्या मनुष्याच्या खेळात उणे पडले नाही, एवढे खरे. पाठीमागे काय राखावयाचे आहे हे त्याला ठाऊक होते.

गेल्या सोमवारी अर्ज खणातून काढला, जुना दिनांक खोडून नवा घातला आणि सही केली. तो लडाखी सहकारीच कागद घेऊन जावक विभागाकडे गेला. तेथे अर्जाला कोणता क्रमांक पडला, हे मात्र आम्ही त्याला मुद्दाम विचारले नाही.